लस थंड हवी, पण गोठलेली नको

कसारा म्हटलं की आपल्याला आठवतं ते लोकलचं शेवटचं स्टेशन आणि पुढचा घाट. पण स्टेशन मागे टाकून आत वळलं की डोंगरउतारावर पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात काही पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. तिथे लस जाते ती खांद्यावरच्या डब्यातून, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमधून. तिथे पोचेपर्यंत ती कामाची राहते का, हे आज आपण बघू.

बालकांच्या नेहमीच्या लशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यासाठी आयएलआर नावाचा खास फ्रिज असतो. त्याचं झाकण वर उघडतं, म्हणून गार हवा सांडून जात नाही, आणि भिंतींत बर्फाचं अस्तर असतं. २४ तासांत आठ तास वीज मिळाली, तरी तो आतलं तापमान राखतो. वीज गेली की पहिला नियम एकच: झाकण उघडू नका. तापमान रोज सकाळ-संध्याकाळ, म्हणजे सुटीच्या दिवशीही, वहीत लिहायचं.

आता एक गैरसमज. आपल्याला वाटतं, जितकं गार तितकं चांगलं. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या थेंबांना उष्णता सोसत नाही, हे खरं. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी या लशी गोठल्या की कायमच्या बिघडतात. हिपॅटायटिस बी तर उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते. या लशींत अॅल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात, आणि पुन्हा वितळवलं तरी लस पूर्ववत होत नाही. म्हणून या बाटल्या आयएलआरच्या तळाशी ठेवत नाहीत, वरच्या टोपलीत ठेवतात. तळाला सगळ्यात जास्त गारठा असतो.

बाटलीवरचा व्हीव्हीएम आपल्याला माहीत असेल. वर्तुळाच्या आत एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरता येते; रंग सारखा झाला किंवा गडद झाला, तर नाही. पण हा व्हीव्हीएम फक्त उष्णतेची नोंद ठेवतो. लस गोठून गेली तरी चौकोन फिकाच दिसतो! बाळाला टोचलं जातं, कार्डावर खूण होते, आई निर्धास्त घरी जाते, आणि घटसर्पापासून संरक्षण मात्र मिळालेलंच नसतं. हे कुणालाच कळत नाही. खरा धोका इथे आहे.

लस गोठण्याची भीती सगळ्यात जास्त कुठे? सकाळी डबा भरताना. आईसपॅक ज्या डीप फ्रीझरमध्ये तयार होतात, तिथलं तापमान उणे १५ ते उणे २५ असतं. तिथून काढून थेट डब्यात घातले, तर शेजारची बाटली गोठू शकते. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे. कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की चार पॅक डब्यात लावायचे. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत वेळ लागतो. सेविकेला लवकर निघायचं असतं, लांबचा पाडा गाठायचा असतो. तरी ही वाट बघावीच लागते.

आणि गोठल्याचा संशय आला तर? बाटली बाजूला ठेवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. अॅल्युमिनियम असलेल्या लशींसाठी हलवून बघण्याची चाचणी आहे. तशीच एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेल्या बाटलीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने खाली बसला, तर ती वापरायची नाही.

बाटली फेकावी लागली की वाईट वाटतं, हिशेबही द्यावा लागतो. पण बिघडलेली लस टोचली, तर त्याचा हिशेब त्या बाळाला द्यावा लागतो. तेवढं लक्षात ठेवू या.