विहीर बिघडली, दंड झाला. पैसा कुणाच्या खात्यात?



गेल्या रब्बीत एका गावी कांद्याचं रोप पाहायला गेलो होतो. रोप पिवळं पडून बसलं होतं. पहिल्यांदा करपा वाटला, पण करपा नव्हता. शेताच्या कडेनं ओढा, ओढ्यापासून दहा-बारा पावलांवर विहीर. पाणी काढून पाहिलं तर चहाच्या रंगाचं, अन् वास मळीचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. पाण्याचा नमुना तोवर रीतसर तपासलेला नव्हता, म्हणून त्याचं नाव इथं लिहीत नाही. मालक वयस्क गृहस्थ. म्हणाले, "साहेब, प्रदूषण मंडळाकडं अर्ज दिलाय. पण ते मंडळ कारखान्याच्याच पैशावर चालतं म्हणत्यात. ज्याची खावी पोळी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही.

प्रश्न रास्त आहे. शेतीखात्याच्या माणसाला त्याचं उत्तर तोंडपाठ नसतं. म्हणून कायदा काढून वाचला. जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आपलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याच्याच १९६९ च्या कायद्याखाली स्थापन झालं. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा. तो महाराष्ट्रानं १ जून १९८१ पासून स्वीकारला. मंडळाच्या पैशाची सगळी व्यवस्था या कायद्याच्या कलम ३५ ते ४० मध्ये आहे. कलम ३५ म्हणतं, विधिमंडळाच्या मंजुरीनं राज्य शासन दरवर्षी मंडळाला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम देऊ शकेल. 'देऊ शकेल', 'देईल' नव्हे. सरकारी कागदात या एका शब्दाची किंमत काय असते, हे ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांना सांगायला नको. कलम ३७ प्रमाणे मंडळाचा स्वतंत्र निधी असतो. शासनाची रक्कम, अनुदान, देणगी, फी, जे येईल ते त्यात जमा अन् खर्चही त्यातूनच. नमुना घ्यायला येणाऱ्या जीपचं डिझेल, प्रयोगशाळेतली रसायनं, कर्मचाऱ्यांचा पगार, सगळं त्यातूनच.

आता या निधीत कारखान्याकडून काय येतं? कारखाना उभारताना संमतीपत्र, चालवताना संमतीपत्र, मुदत संपली की नूतनीकरण. प्रत्येक वेळी फी, अन् ती कारखान्याच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. म्हणजे म्हातारबाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पैसा कारखान्याकडून येतो. पण तो कारखान्याची मर्जी म्हणून येत नाही, कायद्यानं भरावा लागतो.

पूर्वी आणखी एक वाट होती. १९७७ साली संसदेनं पाणी उपकराचा कायदा केला. कारखान्यानं अन् नगरपालिकेसारख्या संस्थेनं पाणी किती वापरलं, कशासाठी वापरलं, त्यावर उपकर. कारखान्याला मीटर बसवावा लागे. सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा उभारली तर २५ टक्के सूट, अन् नेमून दिल्यापेक्षा जादा पाणी ओढलं की सूट गेली. वसुली राज्य मंडळाची, पण रक्कम जमा व्हायची केंद्राच्या तिजोरीत. तिथून संसदेच्या मंजुरीनं हिस्सा परत मंडळांना. दर अगदी किरकोळ होता. २००३ च्या वाढीनंतरही जास्तीत जास्त ३० पैसे, तोसुद्धा हजार लिटरला, अन् तोही विषारी सांडपाणी करणाऱ्याला! शिवाय यादीत कोण बसतं यावर कोर्टकज्जे. साखर कारखाने त्या जुन्या यादीतल्या 'प्राणिज व वनस्पतिजन्य पदार्थांवरील प्रक्रिया' या नोंदीत येत नाहीत, असा निकाल नव्वदीच्या सुरुवातीला खुद्द सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. पुढं २००३ मध्ये यादीच काढून व्याख्या रुंद केली.

जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, हा उपकर रद्द झाला. माझं स्पष्ट मत असं, की दर कमी होता तरी हिशेब बरोबर होता. जो जादा पाणी घाण करेल तो जादा भरेल. आता फी गुंतवणुकीवर ठरते, ओढ्यात काय सोडलं यावर नव्हे.

मग दंडाचं काय? गावात सर्रास समज आहे की कारखान्याला दंड झाला म्हणजे आपल्याला भरपाई मिळाली. तसं नाही. २०२४ च्या दुरुस्तीनं बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला, अन् तो दंड पर्यावरण संरक्षण निधीत जातो. ही दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांसाठी होती; इतर राज्यांनी विधिमंडळाच्या ठरावानं ती स्वीकारायची असते. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मंडळांना नुकसानभरपाई आकारण्याचा अधिकार आहे असंही सांगितलं. पण तीही पर्यावरणाची हानी भरून काढण्यासाठी. विहीरवाल्याच्या बँक खात्यात यातला पैसा आपोआप येत नाही.

स्वतःच्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षं. मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का फी, किमान एक हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ती माफ.

त्यासाठी पुरावा लागतो, अन् इथंच आपली माणसं फसतात. बिसलरीच्या बाटलीत पाणी भरून आणलं अन् साहेबांच्या टेबलावर ठेवलं, एवढ्यानं कारखान्याविरुद्ध पुरावा होत नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखानदाराला नोटीस द्यायची, नमुना त्याच्या सांडपाण्याचा घ्यायचा, त्याचे भाग करून सील करायचे, सह्या घ्यायच्या. तेव्हा अर्जात 'पाणी खराब झाले' एवढंच न लिहिता कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, ओढ्याच्या कोणत्या ठिकाणी पाणी सुटतं ते लिहा. पिकाचा पंचनामा तलाठी व कृषी सहायकाकडून त्याच आठवड्यात करून घ्या.

आणि मंडळाचे हिशेब झाकलेले नसतात. अंदाजपत्रक राज्य शासनाकडं जातं. लेखापरीक्षक शासन नेमतं, तोही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्यानं. वार्षिक अहवाल ३१ जुलैपर्यंत शासनाकडं अन् ३१ डिसेंबरपर्यंत विधिमंडळापुढं यायला हवा. तो वेळेवर ठेवला का, हे तुमच्या आमदारसाहेबांना विचारा. माहिती अधिकारात मागता येतो. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे कलम २५ मधली नोंदवही. कोणत्या कारखान्याला कोणत्या अटीवर सांडपाणी सोडायची संमती दिली, ते तीत लिहिलेलं असतं, अन् ज्याला त्याची झळ लागते त्याला ती पाहायचा हक्क आहे.

म्हातारबाबांना हे सांगितलं. पुढच्या सोमवारी ते मुलाला घेऊन मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात गेले. नोंदवही आधी "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणून मिळाली नाही. दुसऱ्या खेपेला कलमाचा आकडा चिठ्ठीवर लिहून नेला, तेव्हा मिळाली.