मास्तरांची बॅग आणि परदेशचा कायदा

कोकणातून, भिवंडीतून किंवा मालेगावातून परदेशी जाणारा आपला माणूस म्हणजे पूर्वी फिटर, वेल्डर, सुतार, नाहीतर ड्रायव्हर. आता त्याच घरांतली बी.एड. झालेली मुले-मुली दुबई, दोहा, मस्कतच्या शाळांत शिकवायला जात आहेत. मुलगा मास्तर झाला आणि तोही परदेशात, याचा आनंद दुकानदार किंवा कारागीर बापाला किती होतो, हे सांगायला नको. करारपत्र घरी आले की पगार किती, राहण्याची सोय काय, रजा कधी, हे सारे विचारले जाते. तिथला अमली पदार्थांचा कायदा काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर मिळते, "आमचा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही, त्याचा नशेशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो निर्व्यसनी माणसालाही समजून घ्यावा लागतो.

कोरियाचा नियम

परदेशी शिक्षकांच्या नशा-तपासणीचे ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण कोरिया. तिथे भाषा शिकवायला येणाऱ्या परदेशी माणसाला 'ई-२' नावाचा व्हिसा मिळतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुलांवरील अत्याचाराच्या आरोपाखाली एक कॅनेडियन शिक्षक थायलंडमध्ये पकडला गेला. तो आधी कोरियात शिकवत होता. या प्रकरणाने तिथे खळबळ माजली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ई-२ वाल्यांसाठी पोलिसांचा दाखला, एचआयव्ही तपासणी आणि अमली पदार्थांची तपासणी असे नियम आले.

हे नियम कोरियन शिक्षकांना लागू नव्हते. एका परदेशी शिक्षिकेने पुन्हा तपासणी करून घेण्यास नकार दिला, तेव्हा तिची नोकरी गेली. तिची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत पोहोचली आणि २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये एचआयव्हीची अट रद्द झाली, पण नशेची तपासणी राहिली. देशात पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. त्यासाठी ठरवून दिलेल्या इस्पितळात गांजा, अफूचे पदार्थ, कोकेन आणि मेथॅम्फेटामिन यांची तपासणी होते. त्यात दोष निघाला तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतात. गांजा ओढण्याची कमाल शिक्षा पाच वर्षे कैद किंवा पाच कोटी वॉन दंड आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्या पात्र शिक्षकांनाही तिथे इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाता येते, म्हणून ही माहिती आपल्याही कामाची आहे.

लघवीत काय दिसते

गांजातला नशेचा अंश शरीराच्या चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एखाद्याच वेळी घेणाऱ्याच्या लघवीत तो काही दिवस सापडतो, तर रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून तीन सेंटीमीटर केस तीन महिन्यांची हकिगत सांगतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाला परवानगी आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकली जाते. पण लघवीला हा भेद कळत नाही. होळीच्या दिवशी मित्रांच्या आग्रहाने घेतलेली भांग आणि ओढलेला गांजा तपासणीत एकच दिसतात. "आमच्याकडे चालते" हे उत्तर परक्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे उपयोगाचे नाही.

दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. खसखस ही अफूच्याच झाडाची बी. ती खाल्ल्याने लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी तपासणीची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधानेही तसेच होते. म्हणून तपासणीच्या आधी काय खाल्ले आणि कोणती औषधे घेतली, ते लिहून द्यावे. पहिल्या तपासणीत दोष निघाला तर दुसरी, पक्की तपासणी मागावी.

आखातात नियम आणखी कडक

आपले बहुतेक शिक्षक जातात ते आखातात. तिथे शाळेने तपासणी मागितली नाही, तरी कायदा सर्वांना लागू आहे. संयुक्त अरब अमिरातीत नुसते सेवन हाही गुन्हा आहे. १९९५ च्या कायद्यात त्याला किमान चार वर्षे कैद होती. त्याच काळात बुटाच्या तळाला चिकटलेल्या ०.००३ ग्रॅम गांजासाठी एका ब्रिटिश प्रवाशाला चार वर्षांची सजा झाली, आणि कपड्यांवर खसखशीचे दाणे सापडल्याने दुसऱ्या एका प्रवाशालाही झाली. २ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा आला. त्यात पहिल्या गुन्ह्याला किमान तीन महिने कैद किंवा २० हजार ते एक लाख दिरहम दंड आहे. नियम नरम झाला हे खरे, पण पहिल्याच वर्षी तीन महिने कैदेत गेलेल्या शिक्षकाची नोकरी कोण राखून ठेवील? सौदी अरबस्तानात तर नोव्हेंबर २०२२ पासून अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड पुन्हा अमलात येऊ लागला.

अमिरात आणि सौदी या दोन्ही देशांत खसखस नेण्यास बंदी आहे. मुलीच्या बॅगेत शीरखुर्म्याचे सामान किंवा घरचा मसाला घालताना अम्मीने हे लक्षात ठेवावे. ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे इथे डॉक्टर सहज लिहून देतात, पण अमिरातीत ती नियंत्रित आहेत. ती नेण्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधीच घ्यावी लागते. डॉक्टरची चिठ्ठी मूळ स्वरूपात जवळ असावी आणि गोळ्या त्यांच्या पाकिटातच असाव्यात.

माल पाहिल्याशिवाय पावती नको

सर्वांत मोठा धोका परक्याच्या पुडक्याचा. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे दोहा विमानतळावर पकडले गेले. नात्यातल्याच व्यक्तीने 'जर्दा आहे' म्हणून दिलेल्या पुडक्यात सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची सजा झाली. इथे भारतात तपास झाला, त्यांना फसवले गेल्याचे पुढे आले आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून परतले. तोवर पावणेदोन वर्षे गेली होती. त्यांनी नशा केली नव्हती. त्यांनी फक्त एका आप्ताला नाही म्हटले नव्हते.

आपल्याकडे कोणी परदेशी निघाला की अर्धा मोहल्ला पुडकी घेऊन येतो. नकार देणे उद्धटपणाचे वाटते. पण आपण व्यापारी माणसे आहोत. गाठोडे सोडून थान मोजल्याशिवाय आपण पावतीवर सही करत नाही, मग माल सख्ख्या भावाच्या दुकानातून का आलेला असेना. अमानत सांभाळणे हे दीनी कर्तव्य आहे, पण जे आपण पाहिलेले नाही त्याची अमानत कशी घेणार? पुडके उघडून पाहावे, शिवलेले असेल तर उसवावे, आणि देणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा.

नशा हराम आहे हे आपल्या मुलांना मदरशापासून ठाऊक असते. निघण्यापूर्वी त्यांना एवढे आणखी सांगा: बॅग स्वतः भरा, औषधांचे कागद जवळ ठेवा, आणि पकडले गेल्यास न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही न करता भारतीय वकिलातीला कळवायला सांगा. करारपत्राच्या शेजारी हा कागदही ठेवला, तर मास्तर इन्शाअल्लाह सुखरूप जातील आणि सुखरूप परत येतील.