सीटी स्कॅनवर दिसणारा दमा

स्पायरोमेट्री श्वास किती अडतो ते सांगते; तो नेमका कुठे अडतो ते सीटी स्कॅन दाखवतो.

दम्यात श्वासनलिकेची भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होते. ही जाडी स्कॅनवर मोजता येते. दोन मिलिमीटरहून बारीक नलिका मात्र सीटीत नीट उमटत नाहीत. त्यांचा माग अप्रत्यक्षपणे काढावा लागतो: श्वास पूर्ण सोडल्यावर घेतलेल्या चित्रात फुफ्फुसाचा जो भाग काळाच राहतो, तिथे हवा अडकलेली असते.

सर्वांत लक्षवेधी शोध चिकट कफाच्या बुचांचा. अमेरिकेत दम्याच्या १४६ रुग्णांचे आणि २२ निरोगी व्यक्तींचे स्कॅन तपासले गेले. फुफ्फुसांच्या २० उपखंडांपैकी निदान एकात तरी बूच असलेले रुग्ण होते ५८ टक्के. निरोगी गटात हे प्रमाण ४.५ टक्के. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जास्त बुचे असलेल्यांची श्वासक्षमता कमी होती आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अधिक होत्या. पुढे तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हाही अनेकांची बुचे कायम होती.

ती हटवता येतात का? टेझेपेलुमॅब या इंजेक्शनाच्या ‘कॅस्केड’ चाचणीत २८ आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये ती घटलेली दिसली.