नेटलीचे प्रार्थनामंदिर : रुग्णालय गेले, घुमट राहिला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनजवळ नेटली नावाचे गाव आहे. तेथील खाडीकाठच्या हिरवळीवर तांबड्या विटांचे, उंच घुमटाचे एक प्रार्थनामंदिर एकटेच उभे आहे. ते असे एकाकी राहावे, ही त्याच्या कर्त्यांची कल्पना नव्हती. सुमारे पाव मैल लांबीच्या लष्करी रुग्णालयाचा तो केवळ मध्यभाग होता.

क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची जी दैना झाली, तिच्यातून या रुग्णालयाची योजना पुढे आली. १९ मे १८५६ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते कोनशिला बसली व १८६३ मध्ये रुग्णालय सुरू झाले. खाटा सुमारे एक हजार. खाडीवरून पाहणाऱ्यास दर्शनी बाजू अत्यंत देखणी दिसे. परंतु त्या बाजूस होते ते लांबच लांब मार्गिकांचे सज्जे! ऊन आणि मोकळा वारा त्यांच्या वाट्याला, तर रुग्णांचे कक्ष मागील अंगणाकडे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आराखड्यास कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले सुटे कक्ष हवेत, असा त्यांचा आग्रह होता. पंतप्रधान पामर्स्टन यांनाही तो पटला. तथापि काम बरेच पुढे गेल्याने मूळ आराखडा बहुतांशी कायम राहिला. त्यांच्या कल्पनेप्रमाणे कक्ष उभे राहिले ते पुढे वुलिच येथील हर्बर्ट रुग्णालयात.

असे असूनही नेटलीचे कार्य मोठे होते. येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात भारतीय वैद्यकीय सेवेचे उमेदवारही शिकत. शेरलॉक होम्सचा सहकारी डॉ. वॉटसन हाही कथेनुसार येथलाच विद्यार्थी. विषमज्वराच्या लशीवर आल्मरॉथ राइट यांनी येथे संशोधन केले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील जखमी भारतीय सैनिकांवरही येथे उपचार झाले.

१९६३ मध्ये इमारतीस आग लागली आणि १९६६ मध्ये ती पाडण्यात आली. प्रार्थनामंदिर मात्र राखले गेले. भोवतालच्या जागेचे सार्वजनिक उद्यान झाले व मंदिरात रुग्णालयाच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडण्यात आले. व्यापक दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. उपासनेच्या जागी आता सैनिक, परिचारिका व डॉक्टर यांच्या हकीकती ऐकावयास मिळतात. जुन्या वास्तूस याहून उचित काम क्वचितच लाभत असेल. मनोऱ्यावर चढून जाणाऱ्यास समोर खाडीचे पाणी दिसते आणि दोन्ही हातांना, जेथे रुग्णांच्या खाटा होत्या तेथे, गवत.