कुत्र्याचे जेवण : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

मी माणसांचा डॉक्टर, गुरांचा नव्हे. तरीही झरीच्या आमच्या दवाखान्यात औषधाची चिठ्ठी लिहून झाली की उठता उठता पुष्कळजण विचारतात, "डॉक्टरसाहेब, घरी कुत्रं आणलंय, त्याला काय घालावं?" पूर्वी आखाड्यावर राखणीला एखादे गावठी कुत्रे असे आणि ते उरल्यासुरल्यावर जगत असे. आता परभणी-नांदेडहून लॅब्राडोर, पॉमेरेनियन जातीची पिले हौसेने आणली जातात. मग दुकानातले पिशवीबंद खाद्य आणायचे तर चार माणसांच्या किराण्याला कात्री लागते, आणि नुसती दूध-भाकरी घालावी तर पिलू वाळत जाते. या प्रश्नाचे उत्तर मी खुशाल देतो, कारण कुत्र्याच्या ताटलीतल्या काही गोष्टी अखेर माणसांच्या दवाखान्यात येऊन पोचतात.

प्रथम एक शंका दूर करू. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला मांसच हवे, भाकरी पचत नाही, असे काहीजण सांगतात. हे पुरते खरे नाही. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहून कुत्र्याचे पोटही बदलले आहे. पिठूळ पदार्थ पचवणारा अमायलेज नावाचा जो रस असतो, तो तयार करणारी जनुके लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, असे २०१३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तेव्हा ज्वारी, तांदूळ, बाजरी त्याला चालते. अट एकच, ते चांगले शिजलेले हवे आणि नुसते तेवढेच नको. भाकरीने पोट भरते, पण स्नायू, रक्त आणि केस ज्यापासून बनतात ती प्रथिने तिच्यात पुरेशी नसतात.

दहा-बारा किलो वजनाच्या, घरातच बसून असणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० ते ७०० कॅलरी लागतात. त्याचा हिशेब असा बसवता येतो. ज्वारीच्या कण्या १०० ग्रॅम, कोंबडीचे मांस दीडशे ग्रॅम, लाल भोपळा किंवा गाजराचे दोन-चार तुकडे आणि चमचाभर तेल. कण्या भरपूर पाण्यात मऊ शिजवाव्यात. कोंबडीच्या दुकानात माना, पाय, पोटा असा माल कमी पैशात मिळतो, तो वेगळा उकडावा, गार झाल्यावर हाताने मांस सोडवून घ्यावे आणि हाडे टाकून द्यावीत. उकडलेले पाणी कण्यांत घालावे, त्याने चव येते. मीठ, तिखट, मसाला काही नको. हे दोन वेळा विभागून द्यावे. राखणीचे, दिवसभर पळणारे कुत्रे असेल तर त्याला अधिक लागेल. हात फिरवल्यावर बरगड्या लागाव्यात पण नुसत्या डोळ्यांना मोजता येऊ नयेत, एवढे बघितले तरी तराजूची गरज नाही.

शिजलेली हाडे देऊ नका, हे मुद्दाम सांगतो, कारण हा सर्वांत जुना गैरसमज आहे. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मग चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, कुठून मिळणार? अंड्याच्या टरफलातून. टरफले धुऊन दहा मिनिटे उकळावीत, तव्यावर कोरडी भाजावीत आणि मिक्सरमधून किंवा खलबत्त्यात पिठासारखी बारीक करून बरणीत भरावीत. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. वरच्या मापाच्या कुत्र्याला रोज चहाचा अर्धा चमचा पूड पुरते. मोठ्या जातीच्या पिलांना मात्र अंदाजाने घालू नये, त्यांच्या हाडांना कॅल्शियम कमी पडणे वाईट तसे जास्त होणेही वाईट. ते माप गुरांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावे.

ज्या घरात मांस शिजत नाही तेथे दोन उकडलेली अंडी आणि मूठभर तूरडाळ कण्यांबरोबर चालते. अंडे कच्चे फोडून घालू नये, कच्च्या पांढऱ्या बलकामुळे बायोटिन नावाचे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. अंडेही चालत नसेल तर आपल्या शेतातले सोयाबीन आहेच. ते रात्रभर भिजवून कुकरमध्ये अगदी मऊ होईपर्यंत शिजवावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते, ते शिजवल्याने निकामी होते. सुरुवात दोन चमच्यांनी करावी, नाहीतर पोटात गुबारा धरतो आणि रात्रभर घरच्यांना त्याचा सुगंध सोसावा लागतो. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, त्यापेक्षा ताक किंवा दही बरे. (मांजराचे मात्र असे नाही. ते मांसावाचून नीट जगत नाही, उगाच प्रयोग करू नका.)

तुपाचे काय, असे एका आजींनी विचारले होते. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नरसी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. त्यामुळे या भागात कुत्र्याच्या भाकरीला तूप लावण्यात पुण्य मानले जाते. भक्तीबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण बसून खाणाऱ्या कुत्र्याला रोज तूप, तळण आणि मटणाची चरबी घातली तर वजन वाढते आणि कधीकधी स्वादुपिंडाला सूज येऊन ते उलट्यांनी हैराण होते.

आता उरलेल्या कालवणाविषयी. त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. शिजवून, तळून किंवा वाटूनही त्याचे हे विष जात नाही. वजनाच्या दर किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो. भाकरीला लागलेल्या दोन थेंब रश्शाने काही होणार नाही, पण रोजची कालवणाची उरलेली वाटी ओतणे बंद करावे. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य.

दुसरी सवय बुरशी आलेल्या भाकरीची. माणसाने खाऊ नये ते कुत्र्यापुढे टाकायचे, यात आपल्याला काटकसर वाटते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने कावीळ आणि जलोदराची मोठी साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. तेथे त्याच घरांतली तोच मका खाणारी कुत्रीही तशाच आजाराने मेली. बुरशीचे ते विष, अफ्लाटॉक्सिन, भाजल्या-शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. काळी-हिरवी बुरशी धरलेली भाकरी, खवट शेंगदाणे, भिजलेला मका उकिरड्यातच जाऊ द्या. गाईम्हशींनाही नको, कारण ते विष दुधातून आपल्याकडेच परत येते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली तो विषय. बकऱ्या-मेंढ्या कापल्या जातात तेव्हा एखाद्या जनावराच्या फोपशात किंवा काळजात पाण्याने भरलेले फुग्यासारखे गोळे निघतात. खराब भाग म्हणून तो बाजूला फेकला जातो, किंवा कोणी फुकट मिळतो म्हणून कुत्र्यासाठी घरी नेतो. हे गोळे एका जंताचे असतात. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे असंख्य जंत वाढतात. कुत्र्याला विशेष काही होत नाही, ते शेपूट हलवीत हिंडत असते. पण त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात, त्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, मळ्यातल्या कोथिंबिरीला लागतात आणि हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच गोळा धरतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. लहानपणी गेलेल्या अंड्याचा गोळा तिशी-चाळिशीत सोनोग्राफीत दिसतो आणि बऱ्याचदा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. याला हायडॅटिड असे म्हणतात. आणि एवढे सगळे टाळायला काय लागते? फोपसे, काळीज, वजडी जे काही आणाल ते बारीक चिरून अर्धा तास खळखळ उकळावे. गोळे दिसले तर उकळण्याच्याही फंदात न पडता खोल खड्ड्यात पुरावे. त्याबरोबर गुरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण साध्या जंताच्या गोळीने हा जंत जात नाही.

पिलांची गोष्ट आणखी वेगळी. गोल जंत त्यांना बहुधा आईच्या पोटातच लागतात. म्हणून पिलू दोन आठवड्यांचे झाले की औषध सुरू करून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला द्यावे लागते. या जंताची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली तर अळ्या कधीकधी डोळ्यात जाऊन नजर अधू करतात. अंगणात पडलेली पिलाची घाण रोजच्या रोज फावड्याने उचलून पुरली तर हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

बाकीचा संसार घरच्या घरी होतो. जुन्या बारदानाची पिशवी शिवून तिच्यात फाटकी लुगडी-धोतरे भरली की झाली गादी. ती आठवड्याला गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावी, पिसवा राहत नाहीत. जुन्या सुती कापडाच्या तीन पट्ट्यांची वेणी घातली की गळ्याचा पट्टा होतो, आत दोन बोटे सरकतील इतका सैल असावा. तार किंवा सुतळी बांधू नये, गळा कापून त्यात किडे पडलेली कुत्री मी पाहिली आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते फक्त धापा टाकून अंग गार करते. त्याला पत्र्याखाली बांधू नका. झाडाची सावली, खापराच्या पसरट भांड्यात पाणी आणि खाली ओले पोते, एवढे पुरे.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा, बोटांनी चिरडू नये. रॉकेल, डिझेल चोळू नये. आणि फवारणीचे औषध तर कधीच नको. कापसावरचे औषध कुत्र्याला चोळले की ते लाळ गाळून, थरथरून मरते आणि चोळणाराही विषबाधेने आमच्याकडे येतो. तसेच, आपल्या डब्यातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसाची औषधे त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला झेपत नाहीत.

हाडाचा विषय वर आला, त्याचीच एक भयंकर बाजू सांगायची राहिली. कधीकधी घरचे कुत्रे एकाएकी गप्प होते, त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणीही गिळता येत नाही. घरचे म्हणतात, घशात हाड अडकले, आणि कोणीतरी तोंडात हात घालून चाचपतो. अशा वेळी हात घालू नका. रेबीज झालेले प्रत्येक कुत्रे चावत सुटत नाही. एका प्रकारात ते असेच मुके होते आणि त्याची लाळ हातावरच्या बारीकशा खरचटलेल्या जागेतूनही रोग देते. कुत्र्याला आतच ठेवून दार लावा आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. लाळ लागली असेल किंवा दात लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवा. हळद, चुना, मिरची नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. हल्ली दंडात किंवा कातडीत चार-पाच वेळा लस देतात, सरकारी दवाखान्यात मोफत असते, आणि जखम खोल असेल किंवा फुटलेल्या कातडीला लाळ लागली असेल तर जखमेतही एक इंजेक्शन द्यावे लागते. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र कोणत्याही डॉक्टरच्या हाती जवळजवळ काही उरत नाही.

म्हणून ही एक सुई घरच्या स्वयंपाकाने चुकवता येत नाही. पहिली लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. गावच्या गुरांच्या दवाखान्यात चौकशी करावी, नाहीतर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यावे. दरवर्षीची तारीख विसरते, अशी अनेकांची तक्रार असते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. रेबीजची लस प्रथम माणसाला देणारे लुई पाश्चर १८९५ साली याच तारखेला वारले. या सुमारास अनेक ठिकाणी कुत्र्यांसाठी मोफत लसीकरणाची शिबिरे होतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सप्टेंबरचे पान उघडून त्या चौकोनात कुत्र्याचे नाव आजच लिहून ठेवा.