विसाव्याची सावड

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघतो, हप्त्याचा निघतो, पापड-मसाल्याच्या विक्रीचा निघतो. विसाव्याचा विषय मात्र कधी निघत नाही. आज आपण त्याच्याबद्दल बोलू.

आम्ही गटागटांत गेलो की एक प्रश्न हमखास विचारतो, "दिवसभरात तुम्ही बसता कधी?" उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणते भाजी निवडताना, कुणी म्हणते तांदूळ निवडताना, कुणी म्हणते पोराला पाजताना. म्हणजे कंबर टेकलेली असते, पण हात चालूच असतात. याला बसणं म्हणता येईल, विसावा म्हणता येणार नाही.

हे काही एकट्या-दुकट्या घरचं नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, ते त्यात मोजलं. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ होता ९७ मिनिटं. आणि मुळात हात लावणारे होतेच कमी, शंभरात साधारण २६. बायका होत्या शंभरात ८१. पुढे २०२४ साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा बायकांचा वेळ २८९ मिनिटं निघाला. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली! यात शेतावरची मजुरी धरलेली नाही, ती वेगळी. तेव्हा काम संपल्यावर बसू म्हणणाऱ्या बाईला बसायला मिळणं कठीण आहे. विसाव्याची वेळ आधी ठरवावी लागते आणि ती पाळायला घरच्यांचा, शेजारणीचा हात लागतो.

थकवा कुठला, ते आधी ओळखा

सगळा थकवा एकसारखा नसतो. भात लावणीत दिवसभर वाकून कंबर धरते, तो एक थकवा. चुलीपुढे, ओट्यापुढे उभं राहून पाय भरून येतात, तो दुसरा. चुलीच्या धुराने किंवा शिवणकामाने डोळे चुरचुरतात, तो तिसरा. आणि उद्याची फी, आजारी सासूबाई, पावसाचा नेम नाही, अशा काळज्यांनी डोकं जड होतं, तो चौथा. जसा थकवा तसा उतारा.

कंबर धरली असेल तर लावणीत अर्ध्या तासाने एकदा सरळ उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि हळूच मागे वाका. एवढं चार-पाच वेळा करा. एकाच बाजूला ताणून धरलेले स्नायू त्याने सैल होतात.

पाय भरून आले असतील तर भिंतीशी चटई टाका, उताणं पडा आणि पाय भिंतीला टेकवून वर करा. दहा मिनिटं पुरतात. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आणि रक्त परत वर चढायला त्याने मदत होते. दिवस भरत आलेल्या बाईने मात्र उताणं पडू नये, डाव्या कुशीवर पडावं.

पाय कोमट पाण्यात सोडून बसणं हाही जुना आणि चांगला उपाय आहे. पण ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी पाणी आधी कोपर बुडवून पाहावं. साखरेने पायाची जाणीव कमी होते आणि पाणी कढत असलं तरी कळत नाही. पाय पुसून कोरडे केले की तळव्याला थोडं तेल लावा आणि घरात काशाची वाटी असेल तर तिने तळवे घासा. आपल्या आज्या हे करत आल्या आहेत. त्यात तळव्यांना सुख मिळतंच, शिवाय घासणारीच्या आणि घासून घेणारीच्या दोन गोष्टी होतात.

डोळ्यांसाठी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम करा आणि मिटलेल्या डोळ्यांवर अलगद ठेवा, दाबू नका. शिवताना मधूनमधून मान वर करून दूरच्या झाडाकडे बघा. विसावा म्हणून मोबाईल हातात घेऊ नका. त्याने डोळेही थकतात आणि डोक्यात आणखी चार गोष्टी शिरतात.

डोकं जड झालं असेल तर श्वासाकडे जा. एक हात पोटावर ठेवा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, पोट फुगलं पाहिजे. मग सहा आकडे मोजत हळू सोडा. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की छातीची धडधड मंद होते. असं पाच मिनिटं करा. झोप लागत नसेल तर पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करा. एकेक अवयव पाच आकडे घट्ट आवळा आणि सोडून द्या. पाय, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी कपाळ. आवळून सोडलेला स्नायू आपोआप सैल पडतो.

दुपारची वीस मिनिटांची डुलकी चांगली. तासभर झोपलं तर उठल्यावर अंग जड वाटतं आणि रात्रीची झोप लांबते. चहाचंही एक सांगतो. चहा ही आपली हक्काची घडी आहे, ती सोडू नका. पण जेवणानंतर लगेच चहा घेतला तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

त्या वेळात काम कोण करणार?

आता खरा प्रश्न. दहा मिनिटं पाय वर करून पडायचं, पण तेवढ्यात गिरणीतून दळण आणायचं, नळाला पाणी येतं, पोरगं रडतं. त्यासाठी आम्ही एक जुना शब्द पुन्हा वापरायचं ठरवलं आहे, सावड. आज तुझ्या शेतात लावणीला मी येते, उद्या माझ्या शेतात तू ये. पैशाचा व्यवहार नाही, फेड कामाने. शेताला सावड चालते, तर विसाव्याला का चालू नये?

समजा गटात दहा जणी आहेत. शेजारशेजारच्या दोघींची एक, अशा पाच जोड्या करा. मंगळवारी दुपारी दोन ते तीन पहिलीची मुलं, पाणी, म्हातारं माणूस दुसरी सांभाळेल. शुक्रवारी उलट. त्या तासात पहिलीने भांडी घासायची नाहीत, गोधडी शिवायला घ्यायची नाही. पडायचं, न्हायचं, झाडाखाली बसायचं, हवं ते करायचं. हप्त्यांची नोंद करता तशी याचीही वहीत नोंद करा. वहीत लिहिलेलं बुडवायला आपल्यालाच अवघड जातं.

पण सावड बायका-बायकांतच राहिली तर काम शेवटी बायकांकडेच राहिलं. म्हणून प्रत्येकीने घरातल्या पुरुषमाणसाकडे किंवा मुलाकडे एक काम कायमचं सोपवावं. "जरा मदत करा" असं म्हटलं की ती मदत एक दिवसाची होते. "संध्याकाळचं पाणी भरणं तुमचं" असं म्हटलं की ते त्यांचं काम होतं. अंथरुणं काढणं, दळण आणणं, गुरांना पाणी दाखवणं, काहीही चालेल. पहिले आठ दिवस काम मनासारखं होणार नाही. तरी उठून स्वतः करू नका.

फेर धरायचा तो कशासाठी

आपल्याकडे बायकांच्या विसाव्याची सोय सणांत करून ठेवलेली आहे. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीचे खेळ, गौरी-गणपतीतल्या फुगड्या, नवरात्रातला भोंडला, कापणीनंतर वारली पाड्यांवर धरलेला तारप्याचा फेर. झिम्मा, पिंगा, बसफुगडी खेळताना सगळं अंग हलतं, गाताना आणि हसताना श्वास पोटापर्यंत जातो, आणि सासुरवाशिणीला घराबाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण सणच असतो. वर्षातून दोनदा होणारी ही गोष्ट महिन्यातून एकदा का करू नये? बैठक संपल्यावर अर्धा तास फेर धरा. गुडघे दुखणाऱ्या बाईने टाळ्या वाजवाव्यात आणि गाणी सांगावीत, बहुतेक तिलाच जास्त गाणी येत असतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या शहरी बायकांना तर अंगण नाही. त्यांनी जागा शोधली लोकल गाडीच्या डब्यात. डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून नोकरीला जाणाऱ्या बायका त्या गर्दीत भजनं म्हणतात, दसऱ्याला डबा सजवतात, हळदीकुंकू करतात. फक्त बायकांसाठीची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली धावली. पुढे मध्य रेल्वेवर कल्याणच्या बायकांनाही अशी गाडी मिळाली. त्याच डब्यात घरी जाऊन करायची भाजीही निवडली जाते, हेही खरं. काम त्यांचीही पाठ सोडत नाही. पण रोजच्या प्रवासातला तास त्यांनी मैत्रिणींचा करून घेतला.

एक दिवस बाहेर

वर्षातून एक-दोनदा गटाने मिळून सहल काढावी. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एसटीच्या बसमध्ये बायकांना अर्ध तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आजीबाईंना घरी ठेवू नका. शहरातल्या बसचं भाडं वेगळं असतं, ते आधी विचारा.

मुरबाडकडच्या बायकांना एसटीने कल्याण गाठता येतं. तिथे काळ्या तलावाच्या काठी बसा, दुर्गाडीवरून खाडी बघा. शहापूरकडच्यांना आसनगावहून लोकलने टिटवाळा जवळ आहे. महागणपतीचं दर्शन होतं आणि काळू नदीही आहे. मंगळवार आणि संकष्टी टाळा, नाहीतर सहल रांगेतच संपेल. कल्याणला गाडी बदलून अंबरनाथला गेलात तर १०६० सालच्या शिवमंदिराच्या गार दगडांवर टेकता येईल. ठाण्यात मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी, आणि काठावरच कोपिनेश्वराचं देऊळ. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. गरोदर बाईने, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईने त्या पाण्यात बसू नये, काठावर बसावं.

सहलीचा एक नियम ठेवा. डबे प्रत्येकीने पहाटे चारला उठून करायचे नाहीत. एकीने भाकरी, एकीने चटणी, एकीने कांदे-काकडी, असं वाटून घ्या, किंवा गटाच्या पैशातून बाहेर खा. आणि सहल जमली नाही तर गावच्या नदीकाठी, देवराईत, आंब्याखाली अर्धा दिवस काढा. गावातली जागाही रोजच्या कामाशिवाय बघितली की वेगळी दिसते.

विसाव्यानेही थकवा गेला नाही तर

आठ-पंधरा दिवस नीट झोप, नीट विसावा घेऊनही अंगात त्राण नसेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो नुसता थकवा नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. थायरॉईडमुळेही असा थकवा येतो, डॉक्टरांना विचारा.

आणि सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हे सोंग नाही आणि नखराही नाही. टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करते. गटातल्या मैत्रिणीचं असं काही लक्षात आलं तर तिच्याबरोबर जा. ही सुद्धा सावडच आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीचं एक कोरं पान काढा. वर लिहा, विसावा. खाली जोड्या लिहा, वार लिहा, वेळ लिहा. आणि पहिला तास कुणाचा, हे ठरवताना गटात जी सगळ्यात जास्त दमलेली आहे तिचं नाव आधी घ्या. ती "मला नको, आधी तुम्ही" असं म्हणेल. तिचं ऐकू नका.