इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण आणि इंजिनाचे अनियमित बंद पडणे

यंत्रातील दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. काही दोष नित्य असतात. ते केव्हाही तपासले तरी सापडतात. काही नैमित्तिक असतात. विशिष्ट निमित्त घडले म्हणजेच ते प्रकट होतात आणि तपासणीच्या वेळी लुप्त झालेले असतात. कार्ब्युरेटर काढून त्या जागी बाजारात मिळणारा इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाचा संच बसविलेले इंजिन चालता चालता बंद पडते आणि थोड्या वेळाने जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होते, हा दुसऱ्या वर्गातील दोषाचा ठळक नमुना होय. त्याचे निदान बहुधा का चुकते आणि ते कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे तालुक्याचे ठिकाण या विचारासाठी सोयीचे आहे. भोवतीचा मुलूख कापसाचा व काळ्या मातीचा; उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके लागू झाल्यावर मोटारसायकलींतही अंतःक्षेपण रूढ झाले. त्यामुळे अशा गावातील मिस्त्रीला इंजेक्टर व सेन्सर आता अपरिचित राहिलेले नाहीत. परंतु कारखान्यातून आलेल्या वाहनाचा वायरिंगचा आराखडा उपलब्ध असतो, तर मागाहून बसविलेल्या संचात अर्धी रचना संचाच्या उत्पादकाची आणि अर्धी बसविणाऱ्याची असते. १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी प्रारंभी कार्ब्युरेटरची होती. अशा एखाद्या जुन्या गाडीवर संच चढविला, तर नवा नियंत्रक जुन्या बॅटरीच्या तारांवर, जुन्या अर्थिंगवर आणि जुन्या टाकीवर अवलंबून राहतो. हे एक प्रकारचे कलम आहे, आणि दोष बहुधा कलमाच्या सांध्यात असतो.

इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही योजना पुढे आणली व क्रायस्लरच्या १९५८ सालच्या थोड्या मोटारींवर ती बसविण्यात आली. तिचे तत्त्व सदोष नव्हते. तथापि बॉनेटखालच्या उष्णतेत व कंपनात त्या काळचे इलेक्ट्रॉनिक घटक टिकले नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढविण्यात आले. बेंडिक्सच्या पेटंटांच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने सिद्ध केलेली योजना १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या मोटारीवर आली, तेव्हा कोठे हे तंत्र स्थिरावले.

अंतःक्षेपणाच्या इंजिनाला तीन प्रवाह अखंड मिळावे लागतात: विद्युत्, संकेत आणि इंधन. मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती इंजिनाचे एक चक्र १५० सहस्रांश सेकंदात पुरे होते, आणि त्यात इंजेक्टर सामान्यतः दोन ते तीन सहस्रांश सेकंदच उघडा असतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत काही सेकंद पुरेल इतके पेट्रोल साठलेले असे. पुरवठ्यातील क्षणिक खंड ती वाटी पचवीत असे. नव्या रचनेत अशी शिल्लक नाही. म्हणून जुन्या गाडीत वर्षानुवर्षे झाकून राहिलेला दोष संच बसविताच उघडा पडतो, आणि दोषाचे खापर मात्र संचावर फुटते.

निदानाचा आरंभ इंजिन कसे बंद पडले या प्रश्नापासून करावा. दिव्याचे बटण दाबावे तसे ते एकाएकी ठप्प झाले, तर संशय विद्युत् किंवा संकेत यांवर जातो. आचके देत, शक्ती गमावीत ते थांबले, तर इंधनाकडे वळावे. केवळ चौकात गाडी थांबविताना बंद पडत असेल, तर मंदगतीचे नियंत्रण, मॅनिफोल्डमधून होणारी हवेची गळती किंवा मिश्रणाचे कोष्टक तपासावे.

विद्युत्-दोष ओळखताना साधा मीटर पुष्कळदा फसवितो. समजा, पंपाच्या रिलेतील गंजलेल्या संपर्काचा रोध अर्धा ओहम आहे आणि पंप ८ अँपिअर प्रवाह घेतो. ओहमच्या नियमानुसार त्या संपर्कावरच ४ व्होल्ट खर्च होतील व १३.८ व्होल्टऐवजी पंपाला ९.८ व्होल्टच मिळतील. परंतु पंपाची तार सोडवून तेथे मीटर लावला, तर तो जवळजवळ प्रवाहच घेत नसल्याने पूर्ण दाब दाखवील. म्हणून मोजणी भार चालू असतानाच केली पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांमधील दाब मोजावा, तो ०.२ व्होल्टहून अधिक भरला, तर अर्थिंग संशयास्पद समजावे.

याच दोषाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. इंजेक्टरची सुई उचलली जाण्यास १४ व्होल्टवर सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. दाब उतरला की हा काळ वाढतो. उदाहरणार्थ, २.५ सहस्रांश सेकंदांच्या स्पंदात तो १ वरून १.५ वर गेला, तर इंधन सोडण्याचा प्रत्यक्ष काळ १.५ वरून १ वर येतो, म्हणजेच इंधन एक-तृतीयांशाने घटते. नियंत्रक या घटीची भरपाई करतो, पण ती स्वतःच्या टोकांवर दिसणाऱ्या दाबावरून. घट केवळ इंजेक्टरच्या तारेत असेल, तर ती त्याला कळतच नाही.

संकेताचा दोष नोंदीवरून ओळखता येतो. बंद पडण्याच्या क्षणी फेऱ्यांचा आकडा उतरत्या वळणाने शून्यावर आला, तर इंजिन आधी थांबले व संकेत शेवटपर्यंत शाबूत होता. आकडा अकस्मात शून्यावर पडला किंवा अशक्य अशा संख्येवर उडाला, तर इंजिन फिरत असतानाच संकेत हरवला. प्लगच्या उच्चदाब तारांशेजारून नेलेली सेन्सरची तार, किंवा तापल्यावर आतील वेटोळे तुटून थंड झाल्यावर पुन्हा जुळणारा सेन्सर, ही याची परिचित कारणे होत.

इंधनाच्या बाजूस टाकीचा विचार अगत्याचा आहे. जुन्या टाकीत आडभिंती नसल्यास व पेट्रोल कमी असल्यास वळणावर ते एका बाजूस जाऊन पंप हवा ओढतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले; इथेनॉल जुन्या टाकीतील थर सोडविते आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. शिवाय शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ हे असलेले हवा-इंधन गुणोत्तर अशा मिश्रणासाठी सुमारे १३.५ वर येते. मे महिन्यात तापलेल्या नळीत वाफ धरली, की दाब कोसळतो. दाबमापक काचेसमोर बांधून गाडी चालविल्याखेरीज यांतील काहीही सिद्ध होत नाही.

सिद्धीची कसोटी तर्कशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची आहे. कारण असता दोष घडावा आणि कारण दूर करता तो थांबावा, दोन्ही स्वेच्छेने. वायरिंग हलवून किंवा सेन्सरला गरम हवा देऊन दोष मुद्दाम उत्पन्न करता आला, तरच कारण सापडले असे म्हणावे. एरवी नियंत्रक बदलला आणि गाडी चालली, हा काकतालीय न्याय ठरतो. कारण नियंत्रक बदलताना त्याचा कनेक्टर काढून पुन्हा बसविला जातो आणि त्या घर्षणाने टोकांवरील गंज निघतो. दोष आठवड्याने परततो, आणि जुना नियंत्रक मात्र भंगारात गेलेला असतो.

दुरुस्ती सफल झाली हे ठरविण्यासही हिशेब लागतो. गाडी सरासरी दोन दिवसांतून एकदा बंद पडत असेल व या घटना परस्परनिरपेक्ष असतील, तर दुरुस्ती न करताही एक दिवस निर्वेध जाण्याची संभाव्यता सुमारे ६१ टक्के असते. ती ५ टक्क्यांपर्यंत उतरण्यास सरासरी अवधीच्या तिप्पट, म्हणजे सहा दिवस, निर्वेध जावे लागतात. गावात एक फेरी मारून गाडी मालकाच्या हवाली करणे हा पुरावा नव्हे.

या काटेकोरपणाचे प्रयोजन केवळ शास्त्रीय नाही. इंजिन थांबले की ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात एक-दोन वेळा दाबण्यापुरताच उरतो. पुसदच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रकला ओलांडत असताना तो क्षण आला, तर परिणाम उघड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ने नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घातले आहेत, तेही याच दृष्टीने पाहावेत. पदव्युत्तर अभ्यासकांना येथे खर्चिक प्रयोगशाळेची गरज नाही. दाब, व्होल्ट आणि फेरे यांची एकाच कालपट्टीवरील नोंद, आणि एका वेळी एकच बदल करण्याचा संयम, एवढी सामग्री पुरेशी आहे.